सात सुया आणि शुक्रवारचा बाजार

म्हापशात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टराला वार लक्षात ठेवावा लागत नाही. शुक्रवार उजाडला की तो दवाखान्यातील बाकावरूनच कळतो. इतर दिवशी रुग्णाबरोबर नातेवाईक येतात. शुक्रवारी पाटी येते, पिशव्या येतात, क्वचित पाय बांधलेला कोंबडाही येतो. बार्देश, पेडणे, डिचोली या भागांतील माणसे बाजाराला म्हणून निघतात आणि परतीची बस धरण्यापूर्वी, अंगावर काढलेले दुखणे डॉक्टरच्या कानावर घालून जातात. अशा रुग्णाला आपण पाच मिनिटे देतो. त्याला बसची घाई असते आणि आपल्याला पुढच्या रुग्णाची. या पाच मिनिटांत माझ्या हातून काय निसटले, ते सांगण्यासाठी हा लेख.

पेडणे तालुक्यातील एक बाई डोकेदुखीसाठी माझ्याकडे येत असत. वय सत्तेचाळीस, रक्तदाब ठीक, साखर ठीक. दुखणे कपाळात, संध्याकाळी वाढणारे. जोडीला मान आणि खांदे. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या, मानेचे व्यायाम दाखविले, पुढच्या खेपेस गोळ्या बदलल्या. काय काम करता, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजारात बसते, दोतोर." मी कागदावर 'विक्रेती' असे लिहिले आणि पुढे सरकलो. त्या काय विकतात, हे विचारले नाही. तीन भेटींत नाही.

ते मला बाजारातच कळले. केळी घेऊन परतताना कपड्यांच्या ओळीच्या टोकाला त्या दिसल्या. समोर एक चादर अंथरलेली आणि तिच्यावर पिशव्या, बटवे, गरम भांडे धरायच्या चौकोनी गाद्या, पायपुसणी, आणि मागे घडी करून ठेवलेल्या दोन वाकळी. सगळे काही चिंध्यांचे. पण 'चिंध्यांचे' हा शब्द मी येथे अज्ञानाने वापरतो आहे, कारण त्या व्यवसायात चिंधी आणि चिंधी यांत फार मोठा भेद आहे, आणि तो मला त्यांनीच पुढे अनेक शुक्रवारी समजावून दिला.

माल तीन ठिकाणांहून येतो. शिंप्यांच्या दुकानांतील कातरण, पडदे शिवणाऱ्यांकडील उरलेले तुकडे आणि घराघरांतील जुनी लुगडी, चादरी, सदरे. कातरण नवे असते, म्हणून ते सर्वांत चांगले, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटून बसलेले असते. दोन्ही एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात पिशवी वेडीवाकडी होते आणि गिऱ्हाईक पुढच्या शुक्रवारी ती घेऊन भांडायला येते. म्हणून नवे तुकडे आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे लागतात. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे लागते. कापड सुती की पॉलिएस्टर, हे हाताला कळले नाही तर एक दोरा ओढून जाळायचा: सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गरम भांडे धरायच्या गादीत पॉलिएस्टरचा एक तुकडा जरी गेला, तरी तो कढईला चिकटणार आणि हात भाजणार. ही परीक्षा त्यांनी माझ्यासमोर काडेपेटीने करून दाखविली. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत मी याहून कमी काळजीने केलेल्या परीक्षा पाहिल्या आहेत.

पिशव्या घरच्या पायमशीनवर होतात. वाकळ मात्र हातानेच. मऊ झालेल्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर तुकड्यांची मांडणी करायची आणि कडेकडेने आत येत धावदोरा घालायचा. ओळींमधले अंतर बोटाच्या पेराहून कमी, नाहीतर आतले थर धुताना गोळा होतात. आपल्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागांत, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रियाही अशीच गोधडी शिवतात. तिला ते 'कवंद' म्हणतात, आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे, म्हणजे 'फुला', नसले तर ती उघडी राहिली असे मानतात. अमेरिकी कलाभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी त्या गोधड्यांवर लिहिले आणि त्या परदेशांतील प्रदर्शनांत भिंतीवर टांगल्या गेल्या. म्हापशाच्या बाजारात चादरीवर घडी करून ठेवलेल्या वाकळीला तसे भाग्य नाही, तिला हात लावून लोक पहिला प्रश्न विचारतात, "जुन्याचीच ना?"

त्या दिवशी मी एक पिशवी घेतली. ऐंशी रुपये सांगितले, मी सत्तर दिले. (हे वाक्य लिहिताना मला जो संकोच होतो आहे, त्याचे कारण पुढे येईल.) घरी आल्यावर पत्नीने पिशवी उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "रंगांची जोड किती सुरेख, पण शिवण बघा कशी भरकटली आहे." पुढच्या शुक्रवारी सकाळी लवकर बाजारात गेलो, तेव्हा शेजारच्या केळीवालीची शाळकरी नात त्या बाईंना सुयांत दोरे ओवून देत होती. एक झाली की दुसरी. ओवलेली प्रत्येक सुई त्या आपल्या पदराच्या काठाला टोचून ठेवीत होत्या. मी मोजल्या: सात. दिवसभर गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाकळीचे काम चालू ठेवायचे, तर सात दोरे पुरावे लागत.

सन्मित्रहो, निदान तेथे पदरावर टोचलेले होते. तीन वेळा त्या त्याच पदराने माझ्यासमोर बसल्या असतील.

दवाखान्यात बोलावून घेतले. "बाय, लांबचे दिसते?" "लांबचे सगळे दिसते, दोतोर. बस कुठची ते पाटीवरून सांगते." जवळच्या अक्षरांचा तक्ता हाती दिला, तेव्हा त्यांनी तो हात पूर्ण लांबवून धरला आणि मान मागे नेली. मानेच्या दुखण्याचाही उलगडा झाला. चाळिशीनंतर नेत्रभिंगाची लवचिकता घटते आणि जवळचे पुसट होते, हे आपण पाठ केलेले असते, किंबहुना स्वतःच्या नाकावर वागवीत असतो. तरीही शेतात, बाजारात, चुलीपुढे काम करणाऱ्या स्त्रीला वाचनाची गरज नाही, म्हणजे जवळच्या चष्म्याचीही नाही, असे एक गृहीत आपल्या मनात दडून बसलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालात, चाळिशीच्या या दोषावर उपाय न झालेल्यांची संख्या ८२ कोटी ६० लाख दिली आहे. तांदूळ निवडणे, मासे साफ करणे, सुई ओवणे ही कामे अक्षरांहून मोठी नसतात.

याचा मिळकतीशी संबंध किती, याचीही मोजदाद झालेली आहे. आसामच्या चहामळ्यांतील चाळीस वर्षांवरील ७५१ मजुरांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानतोड न दिलेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी वाढली. २०२४ मध्ये बांगलादेशातील तशाच अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न आठ महिन्यांत सुमारे एक तृतीयांशाने वाढलेले आढळले. पाने खुडण्याहून शिवण बारीक. त्यामुळे येथील फरक कमी असेल असे मला वाटत नाही.

केवळ चष्मा देऊन मोकळे होऊ नये म्हणून नेत्रतज्ज्ञ मित्राकडे पाठवून डोळ्यांतील दाब आणि दृष्टिपटल तपासून घेतले. काचबिंदू नव्हता. दीड क्रमांकाचा साधा चष्मा मिळाला. मग अनपेक्षित अडचण आली: बाई तो बाजारात घालीनात. चष्मा घातलेली बाई म्हणजे शिकलेली, शिकलेली म्हणजे घरची बरी, आणि मग गिऱ्हाईक आणखी घासाघीस करते, असा त्यांचा हिशेब. मला तो हास्यास्पद वाटला. बाजारात बसणारे ते होते, मी नव्हतो. अखेर त्यांनीच तोड काढली. कातरणाची बारीक दोरी वळून चष्मा गळ्यात अडकविला. टाका घालताना डोळ्यांवर, गिऱ्हाईक आले की छातीवर. डोकेदुखी दोन-तीन आठवड्यांत गेली. शिवण सरळ झाली, हे मात्र माझ्या पत्नीने प्रमाणित केले.

आता संकोचाचे कारण. एकदा मी त्यांच्याबरोबर हिशेब मांडला. पिशवीला दोरा, चेन, अस्तर यांचे पंधरा रुपये. निवडणे, धुणे, इस्त्री, शिवणे मिळून दीड तास. घासाघीस होऊन साठ रुपये हाती आले, तर तासाला तीस रुपये पडतात. त्यातून बसचे भाडे आणि पालिकेचा सोपो जायचा. वाकळीला रोज तीन तास धरले तर पंचवीस दिवस. दीड हजाराला गेली, तर तासाला वीस रुपये. कापड फुकट मिळते म्हणून वस्तू स्वस्त असावी, असे गिऱ्हाइकाला वाटते, आणि मलाही वाटले होते. आपण जखमेला चार टाके घालतो, तेव्हा दोऱ्याच्या किमतीइतकेच बिल करीत नाही. "पाच मिनिटे तपासले आणि एवढे पैसे?" असे कुणी म्हटले की आपल्याला किती लागते! चष्म्याने त्यांचा टाका सुधारला; भाव नाही.

भावाचा शत्रू दुसराच आहे. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात एक हंगाम त्यांनी बसून पाहिले. तेथे ठिगळकामाच्या चादरी ढिगांनी होत्या, स्वस्तही. हात लावून पाहिले तर कापड कोरे, यंत्राने कापून मुद्दाम तुकड्यांचे केलेले. नव्याला जुन्याचे सोंग देणाऱ्याशी खऱ्या जुन्याने कशी स्पर्धा करावी? त्या म्हापशाला परतल्या. २०२० च्या टाळेबंदीत बाजारच बंद झाला, तेव्हा त्याच कातरणाच्या त्यांनी मुखपट्ट्या शिवल्या. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन थरांची कापडी मुखपट्टी सुचविली, त्याआधीपासून त्या तीन थर घालीत होत्या. का, तर दोन थरांतून पलीकडचे ऊन दिसते म्हणून. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, पण प्लास्टिकच्या जाड पिशव्या चालूच राहिल्या. कापडी पिशव्यांची मागणी वाढली ती थोडी, आणि ज्यांनी मागितल्या त्यांना त्या दहा रुपयांत हव्या होत्या.

माझ्या मेजाच्या खणात आता जवळच्या अक्षरांचा तक्ता, एक बारीक सुई आणि काळ्या दोऱ्याचे रीळ असते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला सुई ओवायला सांगतो. पाच मिनिटांतील अर्धे मिनिट जाते. पुरुष प्रथम हसतात, मग हात लांब करतात.

गेल्या मे महिन्यात आईची सहा सुती लुगडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. ट्रंकेत ती दहा वर्षे पडून होती. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून एकेक उलगडले, उजेडात धरले, दोन बाजूला काढली: विरली आहेत, आतल्या थरात जातील. भाव अठराशे सांगितला. मी तो दिला. केव्हा मिळेल, असे विचारल्यावर म्हणाल्या, "दिवाळीनंतर, दोतोर. पावसात शिवली तर सूत ओल धरते, मग वास कधी जात नाही."