सहा शिलिंगांवरून तुटलेलं रग्बी

रग्बी हा एक खेळ नसून दोन खेळ आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मलाही कित्येक वर्षं नव्हतं. एक रग्बी युनियन, दुसरं रग्बी लीग. चेंडू दोन्हीकडे लांबुळकाच. पण युनियनमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू, तर लीगमध्ये तेरा. युनियनमध्ये खेळाडू खाली पाडला की चेंडूसाठी दोन्हीकडची धिप्पाड माणसं एकमेकांना रेटू लागतात. लीगमध्ये पडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायानं मागे सरकवतो आणि खेळ पुढे सुरू. सहा वेळा असं पाडलं गेलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा. त्यामुळे लीग अधिक वेगवान, आणि नवख्या माणसाला लवकर कळणारी.

आता गंमत पाहा. लीगचा विश्वचषक 1954 साली सुरू झाला, युनियनचा 1987 साली. म्हणजे लीग तेहतीस वर्षांनी थोरली. पण आज युनियनच्या जागतिक संघटनेत शंभराहून अधिक देश आहेत आणि तिचा विश्वचषक म्हणजे मोठा सोहळा असतो; लीगच्या विश्वचषकाला यजमान मिळताना मारामार होते. असं का व्हावं? माझ्या मते याचं कारण खेळाच्या नियमांत नाही. ते मजुरीच्या हिशेबात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या संघांत गिरणी कामगार आणि खाण कामगार खेळत. सामने शनिवारी, आणि शनिवारी कामही असे. खेळायला गेलं की मजुरी बुडायची. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं एवढंच, की बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. पगार कुणी मागत नव्हतं. पण खेळाची सूत्रं मोठ्या शाळांतून आलेल्या साहेब मंडळींच्या हाती होती. खेळ हा निव्वळ हौसेनं खेळायचा, हा त्यांचा दंडक. ज्याला पोटाची चिंता नाही, त्याला हौस परवडते. हे त्यांना कोण सांगणार? 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. खेळाडूला मिळणारी भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग.

युनियननं याची शिक्षा कडक दिली. जो लीगमध्ये गेला, त्याला युनियनचं दार कायमचं बंद. आणि जगात पसरला तो साहेबांचा खेळ, कारण साहेब जिथे गेला, तिथे बरोबर चेंडू घेऊन गेला. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब मोडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी एक चषक घडवला आणि 1878 साली मायदेशी दिला. कलकत्ता कप म्हणतात त्याला. मुठींच्या जागी नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी झुंजतात. गिरणी कामगाराला असं बोटीनं कोण नेणार? लीग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 1907-08 च्या सुमारास रुजली, पुढे फ्रान्समध्ये पोचली. पण बहुतेक ठिकाणी युनियन आधीच जागा अडवून बसलेली.

फ्रान्सची कथा तर चटका लावणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारनं 1941 साली लीगवर बंदी घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर बंदी उठली, मालमत्ता मात्र परत मिळाली नाही. 'रग्बी' हा शब्द वापरायलाही पुढे अनेक वर्षं मज्जाव होता. 'तेरा जणांचा खेळ' म्हणायचं! तरीही 1951 साली फ्रेंच संघानं ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकली, आणि पहिला विश्वचषक भरवला तोही फ्रान्सनंच.

ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता, त्यांना लीगनं जागा दिली, हे मला या खेळाचं मोठेपण वाटतं. कार्डिफच्या बंदराजवळच्या वस्तीत वाढलेला बिली बोस्टन हा सिएरा लिओनच्या खलाशाचा मुलगा. वेल्सच्या युनियन संघातून तो कधीच खेळला नाही. 1953 साली तो विगनला लीग खेळायला गेला. त्याच कार्डिफचा क्लाइव्ह सलिव्हन 1972 साली ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार झाला. कोणत्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्या वर्षीचा विश्वचषक त्यानं जिंकूनही दिला. बोस्टनला सर ही पदवी मिळाली ती 2025 साली, वयाच्या नव्वदीत. लीगच्या एखाद्या खेळाडूला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ.

ऑगस्ट 1995 मध्ये युनियननंही पैसे घेऊन खेळण्याची मुभा दिली. फुटीला नेमकी शंभर वर्षं होत होती! सहा शिलिंग ज्यांना पाप वाटले होते, त्यांनी तिजोरी उघडली आणि लीगमधले खेळाडूही पळवले. 2016 पासून सात जणांचं युनियन रग्बी ऑलिंपिकमध्येही आलं. फिजीला पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळालं ते याच खेळात.

लीगचा मात्र स्वतःच्याच घरात पाय अडकतो. पहिल्या सोळा विश्वचषकांपैकी बारा एकट्या ऑस्ट्रेलियाकडे गेले. (युनियननंही फार ऐटीत राहू नये, 2023 पर्यंतचे तिचे दहा विश्वचषक चारच देशांत वाटले गेले.) ऑस्ट्रेलियात क्लबांची स्पर्धा आणि क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स हे सामने यांनाच खरी गर्दी, खरा पैसा. देशाचा सामना उरल्यासुरल्या तारखांना. 2021 साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं करोनाचं कारण देऊन अंग काढून घेतलं, आणि इंग्लंडमधला विश्वचषक वर्षभर पुढे गेला. पुढचा 2025 साली फ्रान्समध्ये व्हायचा होता. सरकारनं पैशाची हमी दिली नाही, म्हणून 2023 साली फ्रान्सनं तो सोडला. त्याच वर्षी त्याच फ्रान्समध्ये युनियनचा विश्वचषक थाटात पार पडला. लीगची स्पर्धा 2026 वर ढकलून ऑस्ट्रेलियाला दिली गेली, आणि पुरुषांचे संघ सोळांवरून दहावर आले. युनियननं त्याच ऑस्ट्रेलियातला आपला 2027 चा विश्वचषक वीसवरून चोवीस संघांचा केला.

मग लीगमध्ये आशेला जागाच नाही का? आहे, पण ती प्रशांत महासागरातल्या बेटांवर. 2017 साली जेसन टॉमालोलो या नामवंत खेळाडूनं न्यूझीलंड सोडून आपल्या पूर्वजांच्या चिमुकल्या टोंगाची जर्सी घातली. टोंगानं त्या विश्वचषकात न्यूझीलंडला हरवलं आणि दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियालाही. 2022 साली सामोआनं अंतिम फेरी गाठली. पापुआ न्यू गिनीमध्ये तर लीग हाच राष्ट्रीय खेळ मानला जातो. तिथला संघ 2028 पासून ऑस्ट्रेलियाच्या क्लब स्पर्धेत उतरावा, म्हणून ऑस्ट्रेलियन सरकारनं दहा वर्षांसाठी 60 कोटी डॉलर कबूल केले आहेत. या औदार्यामागे चीनला त्या बेटांपासून दूर ठेवण्याचा हिशेब आहे, हे उघड गुपित आहे. आणि तो संघही खेळणार क्लब म्हणूनच, देश म्हणून नव्हे.