दुसऱ्याच्या घरट्यातले गोल्डियन

जांभळी छाती, पिवळंधमक पोट, गवती हिरवी पाठ, आणि डोकं काळं, लाल किंवा क्वचित पिवळं. पक्ष्यांच्या दुकानात गोल्डियन फिंचच्या पिंजऱ्यासमोर माणूस थबकतोच. इंग्लंडचे पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४४ मध्ये या पक्ष्याला आपली दिवंगत पत्नी एलिझाबेथ हिचं नाव दिलं. त्यांच्या ग्रंथांतली कितीतरी चित्रं तिच्याच हातची होती.

त्याचं मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक, किंबर्ली आणि नॉर्दर्न टेरिटरीचा माळ. तिथे अवेळी लागणारे वणवे आणि गुरांची चराई यांनी त्याच्या खाण्याचं गवत कमी केलं, आणि आज तिथल्या कायद्याच्या लेखी तो धोक्यात आलेला पक्षी आहे. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्येच देशी पक्ष्यांची निर्यात बंद केली. म्हणजे मुंबई-पुण्यात आज दिसणारे गोल्डियन पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्यांचे वंशज. रानात दुर्मीळ आणि पिंजऱ्यात मुबलक असा हा उलटा हिशेब आहे. पण मुबलक म्हणजे धडधाकट का, हा प्रश्न विचारायला हवा.

त्यासाठी आधी त्याची वीण पाहू. झेब्रा फिंच या दुसऱ्या जातीच्या फिंचला मटका टांगून द्या, तो महिन्याभरात पिल्लं काढून मोकळा होतो. गोल्डियन तसा नाही. रानात तो निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो, आणि ढोली आयती मिळत असल्याने घरटं विणण्याच्या कामात अगदी आळशी. म्हणून जाणकार पाळणारा लाकडी पेटीत वाळलेलं गवत स्वतःच वाटीसारखं दाबून ठेवतो. मादी चार ते आठ अंडी घालते, नर-मादी दोघंही उबवतात, आणि साधारण पंधरवड्यात पिल्लं बाहेर येतात. ढोलीतल्या अंधाराची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. पिल्लाच्या चोचीच्या कडेला निळसर मणी असतात, आत झिरपणारा जेमतेम उजेडही ते परतवतात आणि आईबापांना घास नेमका कुठे द्यायचा ते कळतं. तीनेक आठवड्यांनी पिल्लू घरट्याबाहेर येतं ते राखट-हिरवं, इतकं साधं की नवख्याला आपण फसवले गेलो असं वाटावं. रंग नंतर पिसं बदलताना चढतो, आणि तेच दिवस सगळ्यात नाजूक असतात. त्या काळात थंडी, वाऱ्याचा झोत लागला किंवा जागाबदल झाला तर पिल्लू हातचं गेलंच म्हणायचं.

जोडी तयार झाली का, हे चोच सांगते. विणीच्या दिवसांत नराची चोच मोत्यासारखी पांढरी होते, मादीची काळपट पडते. काळ्या डोक्याच्या पक्ष्याच्या चोचीचं टोकही बघावं. ते लाल नसून पिवळं असेल, तर त्याच्या अंगात पिवळ्या डोक्याचा गुण दडलेला आहे. डोकं काळं असल्यामुळे तो तिथे दिसत नाही, चोचीवर मात्र लपत नाही.

डोक्याचा रंग ही नुसती शोभा नाही. लाल आणि काळ्याचा फरक लिंगगुणसूत्रावर बसतो, आणि लाल काळ्यावर मात करतो. त्यामुळे लाल डोक्याच्या नरात काळा दडलेला असू शकतो, पण काळ्या डोक्याच्या मादीत लाल दडत नाही. मादी हे सगळं आपल्या परीने ओळखते. सारा प्राइक आणि सायमन ग्रिफिथ या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की, वेगळ्या रंगाच्या डोक्याचा नर पदरी पडला की मादीच्या पिल्लांत नरांचं प्रमाण खूप वाढतं, कारण अशा जोडीच्या मुली फारशा जगत नाहीत. ‘माझ्याकडे नरच निघतात’ अशी कुरकुर करणाऱ्याने आधी आपल्या जोड्यांची डोकी बघावीत. लाल डोक्याचे नर भांडकुदळही असतात. मोठ्या पिंजऱ्यात पेट्या जोड्यांपेक्षा जास्त ठेवल्या नाहीत तर चांगल्या पेट्या तेच बळकावतात.

पिंजरा उंच नको, लांब हवा. फिंच आडवे उडतात, हेलिकॉप्टरसारखे वर जात नाहीत. जाळी अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको, उंदीर आणि साप येतात. राळा, कॅनरी सीड, भिजवून मोड आणलेलं धान्य, कॅल्शियमसाठी समुद्रफेस आणि अंड्याची टरफलं, एवढ्यावर त्यांचं भागतं. कोकणातल्या पावसाळी दमटपणापेक्षा देशावरची कोरडी हवा त्यांना मानवते. रात्री पिंजऱ्यातून टिक्-टिक् असा श्वासाचा आवाज येऊ लागला, तर श्वासनळीतल्या किडीची शंका घ्यावी. ही बारीक कीड आईबापांच्या घासातून पिल्लांकडे जाते. औषध आहे, पण ते पक्ष्यांच्या डॉक्टरकडूनच घ्यावं. थेंबाचा अंदाज चुकला तर पक्षी औषधानेच मरतो.

आता मुद्द्याकडे येतो. गोल्डियनची जोडी कधी कधी अंडी टाकून देते. यावर व्यापारी युक्ती अशी की अंडी उचलायची आणि बेंगालीज फिंचच्या घरट्यात ठेवायची. बेंगालीज म्हणजे आपल्या सह्याद्रीत, कोकणात झुडपांतून थव्याने फिरणाऱ्या पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या मनोलीचाच पाळीव अवतार. चीनमधून जपानमध्ये जाऊन सुमारे अडीचशे वर्षं पिंजऱ्यात माणसाळलेला. दाई म्हणून तिला तोड नाही, कुणाचीही पिल्लं भरवते. इकडे आपली अंडी गेली की गोल्डियन मादी पुन्हा घालते, आणि धंदा चालू राहतो.

यात जातं काय? जर्मन प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी झेब्रा फिंचची पिल्लं बेंगालीजच्या हाताखाली वाढवून पाहिली. मोठे झालेले नर आपल्या जातीच्या माद्या सोडून बेंगालीज माद्यांमागे लागले. गोल्डियनच्या बाबतीत हीच काळजी आहे, आणि दुसरी त्याहून मोठी. दाईच्या भरवशावर वाढणाऱ्या वंशात चांगली आई निवडून येण्याची वाटच बंद होते. अंडी टाकणाऱ्या मादीच्या मुलीही अंडी टाकतात, आपण त्यांनाही दाई देतो, आणि काही पिढ्यांत जात पांगळी होते. पांढरी छाती, निळी पाठ असल्या नव्या रंगांच्या हौसेत नात्यातल्या नात्यात जोड्या लागतात, ते वेगळंच.

कायद्याचंही सांगायला हवं. आपल्या देशी मनोली पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी बाजारात त्या रंगवून विदेशी म्हणून खपवल्या जातात. आंघोळीचं भांडं दिलं की रंग पाण्यात उतरतो. सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या, जावा चिमणीसारख्या पक्ष्याची २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंदणी करावी लागते. पावती आणि जन्माची नोंद मागण्यात संकोच नको.

गोल्डियन घ्यायचाच असेल तर रंग आणि किंमत याआधी विक्रेत्याला एकच विचारा: हे पिल्लू कुणी भरवलं? ‘आईबापांनी’ असं उत्तर आलं तर पेटी दाखवायला सांगा. पेटीत त्याची आई बसलेली दिसली तर जोडी घ्या, नाहीतर पुढचं दुकान बघा.