ग्रीन टीचे घरगुती मिश्रण : फांट की काढा?

आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या एका शिक्षिकेचे हिमोग्लोबिन ८.६ होते. पांडुरोगाची लक्षणे स्पष्ट होती, म्हणून मंडूरयुक्त कल्प योजिला. वजन वाढत असल्याचीही त्यांची तक्रार होती. तेव्हा दूध-साखरेच्या चहाऐवजी ग्रीन टीमध्ये तुळस, सुंठ व गवती चहा घालून घेण्यास मीच सांगितले. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर आकडा ८.८! औषध नियमित, पथ्य कडक. मग दोष कोठे? खोदून विचारल्यावर बाई म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हीच त्याला काढा म्हणालात ना? मग गोळ्या त्याच्याबरोबरच घेते. शिवाय दोन्ही जेवणांवर एकेक कप असतोच.”

काढा हा शब्द माझ्याच तोंडून सहज निघून गेला होता. रुग्णाच्या मनात काढा म्हणजे औषध, आणि औषधावर औषध घेतले तर गुण दुप्पट! चहातील कषाय द्रव्ये, म्हणजे टॅनिन वर्गातील पॉलिफेनॉले, आतड्यात लोहाशी संयोग पावतात व त्याचे शोषण कमी करतात. वनस्पतिज आहारातील लोहाच्या बाबतीत हे आधुनिक पोषणशास्त्राने पुरेसे सिद्ध केले आहे. बाईंना कल्प कोमट पाण्याबरोबर घेण्यास सांगितले, चहा दिवसाकाठी दोन कपांवर आणला आणि जेवण व औषध यांपासून तो किमान तासभर दूर ठेवविला. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ झाले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. परंतु अनुपानाचा विचार लिहून न देण्याची चूक माझी होती, हे सांगितलेच पाहिजे.

आता कल्पनेचा विचार करू. शार्ङ्गधराने पंचविध कषायकल्पनांत क्वाथ आणि फांट वेगळे सांगितले आहेत. क्वाथास द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन अष्टमांश उरवावयाचे. फांटास एक पल द्रव्यावर चार पल उष्ण जल घालून गाळून घ्यावयाचे. ग्रीन टी ही स्वभावतः फांटाची वस्तू आहे. तोडलेल्या पानांना वाफ देऊन अथवा कढईत तापवून त्यांतील काळेपणा आणणारी क्रिया प्रारंभीच थांबविलेली असते, म्हणून रंग हिरवा राहतो. अशी पाने उकळली की कडवटपणा व तुरटपणा तेवढा वाढतो. पाणी सुमारे ८० अंश, काळ दोन ते तीन मिनिटे, एवढे पुरे.

मात्र घरोघरी जे मिश्रण होते त्यात मृदु आणि कठीण द्रव्ये एकत्र येतात, आणि तेथेच बहुतेकांचे चुकते. तुळस, पुदिना, गवती चहा, गुलाबपाकळी यांचा जीव त्यांच्या उडनशील तेलात; ती उघड्या भांड्यात उकळली तर स्वयंपाकघर दरवळते आणि कपात काही उरत नाही. उलट सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध ही तीन मिनिटांत आपला गुण नीट देत नाहीत. काश्मिरी कहव्याची रीत येथे अनुकरणीय आहे : दालचिनी-वेलदोडा आधी पाण्यात उकळतात, चहाची पाने मागाहून पडतात. आपणही कठीण द्रव्ये झाकण ठेवून पाच-सात मिनिटे उकळावीत, भांडे उतरवून दोन-तीन मिनिटे थांबावे, मग चहा व मृदु द्रव्ये घालून झाकावे व गाळावे. पाने पिळू नयेत. मध घालावयाचा तर पेय कोमट झाल्यावरच.

माझ्या घरी चालणारे प्रमाण देतो : ग्रीन टी ५० ग्रॅम, सावलीत वाळविलेला गवती चहा २० ग्रॅम, तुळस १० ग्रॅम, लिंबाची वाळलेली साल १० ग्रॅम, सुंठीचे तुकडे ५ ग्रॅम, वेलदोडा ५ ग्रॅम. यांपैकी सुंठ-वेलदोडा वेगळ्या बरणीत ठेवून आधी उकळतो. एका कपास एकूण दोन ग्रॅम. लवंग घालावयाची तर एखादीच. ती इतर कोणासही बोलू देत नाही. सुंठीची वस्त्रगाळ पूड पानांत मिसळू नये. ती तळाशी बसते, मग पहिले कप सपक आणि शेवटचे तिखटजाळ.

फळांविषयी थोडेसे. ताजे फळ साठवणीच्या मिश्रणात कधीही नको, बुरशी ठरलेली. आवळा, संत्र्याची साल, सफरचंदाच्या चकत्या कडकडीत वाळवून घ्याव्यात. लिंबू कपातच पिळावे. आंबटपणाने चहातील कॅटेचिने अधिक टिकतात, आणि क जीवनसत्त्व लोहशोषणातील अडथळाही काही अंशी कमी करते. चहा गंध आणि ओल दोन्ही शोषतो. हिंगाच्या डब्याशेजारी बरणी ठेवल्याचा अनुभव आमच्या घरी एकदा सर्वांनी घेतला आहे! कोकणातल्या पावसाळ्यात तर पंधरवड्यापुरतेच मिश्रण करावे.

वर सांगितलेली मात्रा पाहता एका कपात द्रव्य व पाणी यांचे प्रमाण सुमारे एकास पाऊणशे पडते. शार्ङ्गधराचा फांट एकास चार. म्हणजे तुळशी-सुंठीच्या औषधी कार्याची अपेक्षा या कपाकडून अल्पच ठेवावी. लोहशोषणातील अडथळ्यास मात्र एवढा पातळ चहाही पुरतो. लाभ मोजका, अडसर खरा, असा हा व्यवहार आहे. बैद्धकोष्ठ, रूक्ष, वातप्रकृती व अनिद्रेच्या रुग्णांत मी तो टाळतोच.

मिश्रणातील द्रव्येही निर्दोष समजू नयेत. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या, विशेषतः मूत्रल गोळ्या घेणाऱ्या रुग्णास तो रोजच्या पेयात देऊ नये. बाजारातील जाड, एकपदरी दालचिनी बहुधा कॅसिया असते व तिच्यात कूमारिन पुष्कळ असते. यकृताचा विकार असणाऱ्यांनी पातळ, अनेकपदरी सिलोनी दालचिनी घ्यावी. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा चहा एकाएकी वाढवू नये. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल हा तर निराळाच विषय. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृतावर परिणाम संभवतो, असे नोंदविले. कप आणि कॅप्सूल एकच, असे ग्राहकास सांगू नये.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. अनेकजण अशी मिश्रणे स्वतः बांधून विकतात. त्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये नोंदणी वा परवाना लागतो, आणि पुडीवर मधुमेह, स्थौल्य बरे होण्याचा दावा छापल्यास १९५४ चा जादूटोणा-औषधी जाहिरात कायदाही आड येतो. घटकद्रव्ये वजनासह, बांधणीचा दिनांक, आणि मोठ्या अक्षरांत एवढे छापावे : ‘जेवणाबरोबर व लोहयुक्त औषधाबरोबर घेऊ नये.’ पांडुरोगाचा कल्प आणि हे पाकीट एकाच पिशवीत जात असेल, तर हे वाक्य तोंडीही सांगावे. त्या शिक्षिकेने दोन्ही वस्तू एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतल्या होत्या.