शाळेच्या गोणपाटात हरभऱ्याची परीक्षा

रब्बीचा हरभरा पेरण्याआधी घरचे बियाणे किती उगवते, हे तुम्ही पाहता का? यंदा हे काम गावच्या शाळेतील सातवीच्या मुलांवर सोपवा. बियाणेही तपासले जाईल आणि मिळून काम कसे करावे, हा धडाही विज्ञानाच्या तासाला मिळेल.

पद्धत सोपी आहे. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरातून मूठ-मूठ बी काढून मिसळा. औषध लावलेले बी मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. चार-चार मुलांच्या चार टोळ्या करा. प्रत्येक टोळीने निवड न करता १०० बिया घ्याव्यात. धुतलेल्या ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून सैल गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. एकाने बी मोजावे, दुसऱ्याने मांडावे, तिसऱ्याने पाणी शिंपडावे, चौथ्याने वहीत नोंद करावी. पाचव्या व आठव्या दिवशी मोजणी करावी. धड मूळ आणि कोंब असलेलेच बी धरावे.

खरी कसोटी रविवारी! शाळा बंद, मग पाणी कोण घालणार? ते गुरुजींनी सांगू नये, टोळीनेच ठरवावे. एकाने अंगचोरपणा केला की चौघांचे गोणपाट वाळते. एका टोळीचे ८८ आणि दुसरीचे ६० आले, तर भांडण नको. कारण शोधायला लावा. पाणी कमी पडले, की टपोरे दाणे वेचून घेतले?

बीज परीक्षण प्रयोगशाळेतही ४०० बिया शंभर-शंभरच्या भागांत लावतात. म्हणजे चारही टोळ्यांचे काम चोख झाले, तरच सरासरी भरवशाची.

प्रमाणित हरभऱ्याची उगवण किमान ८५ टक्के लागते. तुमची सरासरी ७५ आली आणि तुम्ही एकरी ३० किलो पेरत असाल, तर ३४ किलो पेरा. हा हिशेबही मुलांकडूनच करून घ्या.

ही काही नवी टूम नव्हे. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत अशा विज्ञान शिक्षणाला सुरुवात झाली. मुले चौघांच्या टोळीने प्रयोग करीत. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला, तरी रीत आजही घेण्यासारखी आहे.

सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीने फक्त आठ गोणपाटे आणि थोडे बियाणे पुरवायचे. पेरणीच्या पंधरा दिवस आधी गुरुजींना भेटा, म्हणजे निकाल वेळेत हाती पडेल.