खिशातली पेटी

'मुलाला माउथ ऑर्गन घ्यायचाय, स्वस्तातला कुठला घेऊ?' मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराला हा प्रश्न हमखास येतो. त्यावर माझा उलट प्रश्न: वाजवायचंय काय?

भारतात आपण बहुतेकांनी पाहिलेला तो लांबट, दुहेरी रीड्सचा. एकाच स्वराच्या दोन रीड्स किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या, म्हणून आवाज थरथरतो. ऐकायला गोड, पण त्यावर मींड जवळजवळ निघतच नाही.

दहा भोकांच्या छोट्या बाजाचं तसं नाही. प्रत्येक भोकात फुंकरीची एक आणि ओढीची एक रीड. पेटीसारखीच पितळी, पण पेटीला कधी न जमणारी मींड इथे जमते. श्वास ओढताना जीभ थोडी मागे-खाली घेतली की काही स्वर हळूच खाली घसरतात. ते एकदा साधलं की बाजा सोडवत नाही!

अडचण अशी की खालच्या सप्तकात म आणि ध दिलेलेच नाहीत. ते दुसऱ्या-तिसऱ्या भोकाची ओढ वाकवून काढावे लागतात. म्हणून चौथ्या भोकाची फुंकर 'सा' धरावी. सातव्यापर्यंत शुद्ध स्वर सरळ मिळतात. भूप छान वाजतो. भैरवीच्या वाटेला मात्र नवशिक्यानं जाऊ नये.

आता पैशांचं. औषधाच्या दुकानात काउंटरवर टांगलेला एक बाजा मी हौसेनं घेतला होता. हवा सगळीकडून गळायची, म्हणून जोरात फुंकायचं, आणि तीन महिन्यांत चौथी ओढ बेसूर. मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही, आणि तो सोडून देतो. त्यापेक्षा चौघांच्या पिझ्झाचे पैसे घाला आणि होनरचा 'स्पेशल २०' घ्या. वीस रीड्स, म्हणून ते नाव. आतला सांगाडा प्लॅस्टिकचा, त्यामुळे लाकडासारखा थुंकीनं फुगत नाही. पत्रे स्क्रूनं बसवलेले, म्हणजे उघडून साफ करता येतो. आवाज गोल, कर्कश नाही. जन्मभर टिकेल असं मात्र कुठल्याच बाजाबद्दल म्हणणार नाही. पितळ थकतंच, आणि दांडगाईनं वाजवणाऱ्याच्या हातात लवकर थकतं.

चिवडा खाऊन लगेच वाजवू नये, आधी चूळ भरावी. हिवाळ्यात गाडीत राहिलेला बाजा मुठीत गरम करून घ्यावा, नाहीतर थंड रीडवर वाफ धरते आणि ती अडकते. पहिला बाजा 'सी'चाच, म्हणजे पांढरी एकचा घ्यावा. शिकवण्याची पुस्तकं बहुधा त्याच पट्टीत असतात. काळी चारचा हट्ट नंतर.