शेरभर पिठाची गोष्ट

मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी चांभार पंडित घासीरामाच्या दारी येतो. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून बरोबर गवताचा भारा. पोटात मात्र सकाळपासून काही नाही. पंडितजी त्याला आधी झाडलोट करायला लावतात, मग भुसा वाहायला, आणि लाकडाचा एक गाठाळ ओंडका फोडायला. प्रेमचंदांची ‘सद्गती’ ही कथा १९३१ची. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी तिचा चित्रपट केला. ओम पुरींनी त्या ओंडक्यावर घातलेले घाव ज्यांनी पाहिले, ते विसरले नसतील.

मला मात्र कथेतला दुसराच एक प्रसंग छळतो. याला काही खायला द्यावे, असे पंडितिणीच्या मनात येते. घरात चार-दोन पोळ्या असतात. तेवढ्याने याचे काय होणार, याला शेरभर तरी पीठ लागेल, असा हिशोब नवरा-बायकोत होतो आणि विषय संपतो. दुष्टावा म्हणावा तर तोही नाही. साधा घरगुती कंटाळा! पोटभर न्याहारी करून रविवारचे वाचन करणाऱ्या आपल्याला तो फार ओळखीचा वाटतो.

चिलमीला विस्तव मागितला तर पंडितीण तो लांबून फेकते. निखारा दुखीच्या डोक्यावर पडतो आणि विटाळ केल्याचीच ही शिक्षा, असे तो मानतो. शेवटी ओंडका फुटतो आणि दुखीही कोसळतो. वस्तीतले लोक प्रेत उचलायला नकार देतात. मग पंडितच पायाला फास अडकवून ते ओढत नेतो.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘स्मशानातलं सोनं’मध्येही प्रेत आहे, पण तिथला भीमा हात जोडत नाही. मुंबईत खाणीतले काम सुटल्यावर तो स्मशानातल्या राखेतून सोन्याचे कण वेचू लागतो, पुढे पुरलेली प्रेतेही उकरतो. इथे पंडित नाही, शिवी द्यावी असा समोर कोणी माणूसच नाही. वाटेगावहून मुंबईला आलेल्या, जेमतेम दीड दिवस शाळा पाहिलेल्या अण्णाभाऊंनी भुकेकडे दयेने पाहिलेले नाही. भीमाची दया करायला गेलो तर तोच आपल्यावर डाफरेल!

प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात. डोंगर फोडणारे हात निकामी होतात, आणि तेव्हाच बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान मुलासारखा रडतो.