पहिल्या घासानंतर

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अन्नछत्र उभे राहते. चुलाणावर चढवलेली पेजेची मोठी भांडी, आणि हातात वाडगे घेऊन बसलेली माणसे. भुकेल्याला घास देणे हे पुण्य खरेच. साऱ्याच धर्मांनी ते सांगितले आहे. पण घास पोटात गेल्यावर त्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न पुण्य जोडणाऱ्यांना सहसा पडत नाही. पंडिता रमाबाईंना तो पडला, आणि पुणे-दौंड रस्त्यावरच्या लोहमार्गालगत, केडगावला, ‘मुक्ती’ उभी राहिली.

हा प्रश्न पडायला कारणही तसेच होते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडत पुराणे सांगत. १८७४ साली, ऐन दुष्काळाच्या दिवसांत, आई-वडील दोघेही थोड्याशा अंतराने गेले; पाठोपाठ थोरली बहीण गेली. घरात विद्या उदंड होती. संस्कृत तर लेकीच्याही जिभेवर होते. पण पोट भरण्याचा एकही उद्योग कोणाला ठाऊक नव्हता आणि हलके काम करायला अभिमान आड येत होता. पुढे आत्मनिवेदनात रमाबाईंनी ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली आहे. मुक्तीची कल्पना कळायला हे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

मग भावासोबत पायपीट, १८७८ साली कलकत्त्यास मिळालेली ‘पंडिता’ ही पदवी, विवाह, अवघ्या दोन वर्षांत वैधव्य, १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन. ते पुढे पुण्यास आले. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी मदत-छावण्यांत आणि अनाथगृहांत भुकेपेक्षाही भयंकर असे त्यांच्या दृष्टीस पडले: निराधार पोरींना गोड बोलून पळवणारी माणसे. मूठभर दाण्यांसाठी अब्रू जात होती. त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पण पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या जणींना शहरात ठेवायची सोय नव्हती. शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला फळबागेची जमीन घेतलेली होती. तिथेच त्यांचा मुक्काम पडला. पुढे छप्पनिया दुष्काळाने गुजरात-राजपुताना होरपळला, तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या. १९०० सालापर्यंत मुक्तीत दीड हजार माणसे होती.

आता खरे काम सुरू झाले. विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली. माग चालू झाले, तेलाचा घाणा आला, शिवणकाम आले, छापखाना निघाला. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. ज्या घरात पोथी होती पण उद्योग नव्हता, त्या घरातल्या मुलीने पोथीशेजारी हातमाग मांडला! ‘प्रभू पुरवील’ अशी तिची श्रद्धा होती. पण म्हणून विहीर खणायची राहिली नाही.

कोणी विचारील, ‘हे सारे ठीक, पण त्या पोरींना ख्रिस्ती केले, त्याचे काय?’ प्रश्न टाळण्याजोगा नाही. १८९३ साली शारदा सदनात याच कारणाने वादळ उठले, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. जिला दुसरे दारच नाही, तिने या दारातला देव स्वीकारला, तर त्याला निवड म्हणावे काय? प्रस्तुत लेखकास हा आक्षेप खरा वाटतो. पण त्याला जोडून दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे: दुसरे दार का नव्हते? ते उघडणे ज्यांना शक्य होते, त्यांनी ते का उघडले नाही? पहिला प्रश्न रमाबाईंना आहे, दुसरा आपल्याला.

आम्हा मराठीच्या मास्तरांना आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटते. रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. संस्कृतच्या या पंडितेने हट्टाने सोपी मराठी धरली, कारण ते अडाणी बाईला कळायला हवे होते. छपाई झाली मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आज दुष्काळाची जागा भूकंपाने, महापुराने घेतली, तरी गोष्ट तीच आहे. पहिल्या आठवड्यात मदतीच्या गाड्यांची रांग लागते. वर्षाने तिथे कोण असते? कोणाची श्रद्धा केवढी, हे प्रार्थनेच्या आवाजावरून ठरत नसते. छायाचित्रे काढणारे परत गेल्यावर जो मागे राहून विहीर खणतो, त्याच्याकडे पाहावे.